शाळेच्या कपाटावरचा कागद

विस्तार अधिकाऱ्याच्या वहीतून



या सदरात आपण नेहमी पेरणी, खते, कीड-रोग आणि जनावरांचा चारा यांविषयी बोलतो. आज मी शाळेतल्या वाचनाच्या तासाविषयी लिहिणार आहे. "साहेबांनी औत सोडून पाटी कधी धरली?" असे कुणी म्हणेल. पण थोडा धीर धरून शेवटपर्यंत वाचावे. ही गोष्ट शाळेत सुरू झालेली नाही, दोन एकर सोयाबीनच्या रानात सुरू झालेली आहे.

गेल्या खरिपातली हकीकत. जुलैचा दुसरा आठवडा होता. पाऊस वेळेवर झाला होता आणि पीक पंचवीस दिवसांचे झाले होते. सकाळी सातलाच फोन आला.

"साहेब, जरा रानाकडं येऊन जावा. सोयाबीन पिवळं पडाय लागलंय."

गेलो. पिवळे पडते म्हटल्यावर आधी लोहाची कमतरता मनात येते. पण लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे खालची जुनी पाने कडेने करपत चालली होती. मी विचारले, "काय फवारलं?" शेतकऱ्याने बांधावरचा रिकामा पुडा पुढे केला. ॲट्राझीन! मका आणि उसातले तणनाशक. मक्याला ते बाधत नाही, पण सोयाबीनला ते जाळून टाकते.

"हे कुणी सांगितलं?"

तो काहीच बोलला नाही. गोठ्याच्या दारात त्याची आठवीतली मुलगी मोबाइल हातात धरून उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. मग उलगडा झाला. रानात तण माजले, मजूर मिळेना, म्हणून बापाने तिला सांगितले, "बघ गं, मोबाइलवर तणाचं काही औषध मिळतंय का." तिने शोधले. पहिलाच व्हिडिओ निघाला तो सगळ्या तणांचा नायनाट करणाऱ्या औषधाचा. तिने औषधाचे नाव वहीत लिहून घेतले. तेवढ्यात त्या दिवसाचा डेटा संपला आणि व्हिडिओ अर्ध्यात थांबला. दुकानात गर्दी होती. नाव सांगितले, पुडा मिळाला. कोणत्या पिकासाठी हवा, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

मी तिथेच माझ्या फोनवर तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. उत्तरार्धात त्या माणसाने स्वच्छ सांगितले होते की हे औषध मक्यासाठी आहे. म्हणजे सांगणारा खोटा नव्हता, शोधणारी पोर आळशी नव्हती आणि बापाचा विश्वासही चुकीचा नव्हता. तरीही दोन एकर गेले.

मुलीला दोन शब्द सांगावेत म्हणून मी वळलो, तर बाप हळू आवाजात म्हणाला, "तिला काही बोलू नका साहेब. मीच म्हणलो होतो, बघ म्हणून."

त्या रानात पुन्हा सोयाबीन पेरण्यात अर्थ नव्हता, कारण ॲट्राझीनचा अंश जमिनीत काही काळ टिकतो. मका मात्र त्याच रानात चालतो. म्हणून मोडून चाऱ्याचा मका पेरायला सांगितले. आफ्रिकन टॉल जातीचे बियाणे मिळाले. दोन म्हशींना वैरण झाली, पण वैरणीने कर्ज फिटत नाही. हे मी सांगायला नको.

घरी येताना मनाला एक गोष्ट टोचत राहिली. परभणीहून बी.एस्सी. ॲग्री होऊन मी या खात्यात आलो, त्याला तीस वर्षे होत आली. एवढ्या काळात कोणते औषध, किती मात्रा, किती पाणी हे मी हजारदा सांगितले. पण माहिती कुठे शोधावी आणि काय पाहून तिच्यावर विश्वास ठेवावा, हे एकदाही शिकवले नाही. आणि मी तरी कुठे शहाणा! काही वर्षांपूर्वी गारपिटीचा एक इशारा मोबाइलवर आला आणि तारीख न पाहता मी तो गावच्या गटावर पुढे ढकलला. एका शेतकऱ्याने रात्रीतून हिरवट हरभरा उपटून घरात आणला. गारा पडल्या नाहीत. तो इशारा दोन वर्षांपूर्वीचा होता.

आठ दिवसांनी त्या मुलीच्या वर्गशिक्षिका पंचायत समितीत भेटायला आल्या. म्हणाल्या, "साहेब, ती पोरगी वाचनाच्या तासाला टॅबला हात लावत नाही. म्हणते, माझ्या हातानं नुकसान होतं. मला एक यादी करायची आहे. मुलांनी कुठे शोधावं याची. शेतीचा भाग तुम्ही सांगा."

जिल्हा परिषदेची ही शाळा आठवीपर्यंतची आहे. ग्रंथपाल नाही. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्यात चारशेच्या आसपास पुस्तके. लोकवर्गणीतून घेतलेला एक मोठा टीव्ही आणि दोन टॅब आहेत. नेट येते ते शाळेच्या उत्तरेकडच्या चिंचेखाली बरे येते, वर्गात कधी येते, कधी जाते. आठवड्यात एक तास वाचनाचा. याच भांडवलावर काम करायचे होते.

एका रविवारी बाई, विज्ञानाचे गुरुजी आणि मी बसलो. मोठ्या उत्साहाने ११२ पत्ते जमवले, छापले आणि भिंतीवर लावले. तीन आठवड्यांत एकाही मुलाने त्या यादीकडे ढुंकून पाहिले नाही. सहावीतल्या एका पोराला कारण विचारले, तर तो म्हणाला, "सर, एवढ्यातलं कुठलं बघू?"

पोराने आमच्या कामाची परीक्षा एका वाक्यात केली. मला बडोद्याची पेटी आठवली. महाराजा सयाजीराव गायकवाड हे मूळचे मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. त्यांनी १९१० सालापासून बडोदा संस्थानात गावोगाव ग्रंथालये उभी केली. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांची पेटी भरून पाठवली जाई आणि गावाने ती वाचून परत करायची. पेटी ती केवढी! तिच्यात मोजकीच पुस्तके बसणार. म्हणून भरणाऱ्याला विचार करावा लागे की या गावाला काय लागेल, तिथले लोक काय वाचतील. पेटी लहान होती म्हणून निवड करणे भाग होते. इंटरनेटला तळच नाही, म्हणून निवडण्याचे कष्ट कुणी घेत नाही. आम्हीही ११२ पत्त्यांचा ढीग घातला होता, पेटी भरली नव्हती.

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यांतला एक असा की वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, हिशेबाचा माणूस. आमच्या यादीने वेळ वाचत नव्हता, उलट जात होता. म्हणून ती यादी उतरवली आणि पहिल्यापासून काम सुरू केले. ते कसे केले ते क्रमाने सांगतो. तुमच्या गावच्या शाळेला उपयोगी पडेल.

पहिले काम, प्रश्न गोळा करणे. आपण आधी माती तपासतो, मग खत ठरवतो. तसेच इथे. महिनाभर वर्गात एक डबा ठेवला आणि मुलांना सांगितले की मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाका, नाव घालू नका. साठेक चिठ्ठ्या निघाल्या. वीज झाडावरच का पडते? गोगलगाय रात्रीच का बाहेर येते? आपल्या गावाचे नाव कसे पडले? चंद्रावर माणूस गेला तेव्हा श्वास कसा घेतला? म्हशीचे दूध पांढरे आणि गाईचे पिवळसर का? एका चिठ्ठीवर लिहिले होते, "मोबाइलवरचं खरं कसं ओळखायचं?" नाव नव्हते, पण बाईंनी अक्षर ओळखले. मला नुसती चिठ्ठी दाखवली, काही बोलल्या नाहीत.

चिठ्ठ्यांचे विषयवार गठ्ठे केले: गोष्टी व कविता, प्राणी-पक्षी, हवामान, विज्ञानाचे प्रयोग, गाव व इतिहास, शेती, शब्द. यादीचे भाग तेच ठरले. मुलांचा ज्यावर प्रश्न नाही, त्यावर पत्ता नाही.

दुसरे काम, चाळण. तुम्ही बियाण्याची पिशवी घेता तेव्हा काय पाहता? पीक कोणते, वाण कोणता, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कधी झाली आणि मुदत कधीपर्यंत आहे. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते, ती पाहता. माहितीलाही अशीच चिठ्ठी असली पाहिजे. आम्ही प्रत्येक पत्त्याला पाच प्रश्न विचारले:

१. सांगणारा कोण आहे? माणसाचे वा संस्थेचे नाव आहे का?

२. केव्हाचे आहे? तारीख आणि साल दिसते का?

३. कशासाठी आणि कुठल्या भागासाठी आहे? कोणते पीक, कोणती इयत्ता, कोणता प्रदेश?

४. सांगणाऱ्याला काही विकायचे आहे का?

५. दुसरा साक्षीदार आहे का? तीच गोष्ट आणखी एका भरवशाच्या ठिकाणी मिळते का?

या चाळणीतून अठरा पत्ते राहिले. बाकीचे सगळे वाईट होते असे नाही. पण ज्याची चिठ्ठी वाचता येत नाही, ते बियाणे कितीही टपोरे दिसले तरी आपण पेरत नाही.

तिसरे काम, चिठ्ठी लिहिणे. नुसता पत्ता देऊन भागत नाही. प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी लिहिल्या. काही नमुने देतो.

'किशोर' मासिक: बालभारतीचे, नोव्हेंबर १९७१ पासून निघते. जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिसरीपासून पुढे. आईवडिलांनी लहानपणी वाचलेला अंकही सापडेल, त्यांना दाखवा.

बालभारतीची पाठ्यपुस्तके: सर्व इयत्तांची, फुकट उतरवून घेता येतात. पुस्तक फाटले वा हरवले तर इथे पाहावे. मागच्या इयत्तेचे राहून गेलेलेही वाचावे.

मराठी विश्वकोश: राज्य शासनाच्या मंडळाचा ज्ञानकोश. पहिले मुख्य संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पहिला खंड १९७६ साली निघाला, आता वीस खंड संकेतस्थळावर आहेत. सातवीपासून पुढे. भाषा जड आहे, शिक्षकांजवळ बसून वाचावे. जुन्या नोंदीतले आकडे जुने असतात, ते आजचे म्हणून सांगू नयेत.

स्टोरीवीव्हर: प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेले गोष्टींचे भांडार. मराठीसह अनेक भाषा. पहिलीपासून, सोप्या-अवघड पायऱ्या लावलेल्या आहेत. गोष्ट उतरवून ठेवता येते, मग नेट लागत नाही.

अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ: टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि विज्ञानाचे प्रयोग. मराठी पुस्तकेही आहेत. सर्व इयत्ता. कात्री, सुई, काडेपेटी लागेल तिथे मोठे माणूस जवळ हवे.

भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय: खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले, २०१८ साली देशाला अर्पण झाले. अनेक ठिकाणची पुस्तके एका जागेवरून शोधून देते. आठवीच्या मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश: १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. आजोबांच्या तोंडचे जुने शब्द इथे शोधावेत.

हवामान: भारतीय हवामान विभागाचे संकेतस्थळ. विजेसाठी 'दामिनी' हे ॲप, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले. आजची तारीख पाहिल्याशिवाय इशारा कुणाला सांगू नये. (ही शेवटची ओळ माझ्या आग्रहाने घातली. का, ते वर सांगितलेच आहे.)

शेती: राहुरी, परभणी, अकोला व दापोली या चार कृषी विद्यापीठांची संकेतस्थळे. आपला भाग ज्या विद्यापीठात येतो त्याची शिफारस आधी पाहावी. दापोलीची भाताची शिफारस आमच्या काळ्या रानाला कामाची नाही. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येते.

विकिपीडियावर आमचा थोडा वाद झाला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे कुणीही लिहू शकतो, कुणीही दुरुस्त करू शकतो. गुरुजी म्हणाले घ्या, बाई म्हणाल्या नको. शेवटी घेतला आणि चिठ्ठीवर लिहिले, "हा रस्त्यावरचा पाटीचा दगड आहे, मुक्काम नव्हे. लेखाच्या तळाशी दिलेले आधार पाहा आणि तिकडे जा." आता तर मोबाइलला प्रश्न विचारला की तो सरळ उत्तरच बोलून दाखवतो. ते उत्तर कुणाचे, कधीचे, हे पुष्कळदा कळत नाही. त्यालाही तोच नियम. साक्षीदार मिळाला तर खरे मानावे.

फुकट मिळते ते सगळे घेण्याचा हक्क आपल्याला असतोच असे नाही, हेही मुलांना सांगितले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ६० वर्षे पुस्तकाचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी लिहिलेली पुस्तके २०११ पासून सर्वांना मोकळी झाली. हयात लेखकाचे पुस्तक कुणी चोरून टाकले असेल, तर आमच्या यादीत त्याला जागा नाही. दुसऱ्याच्या उभ्या पिकातून कणसे मोडून आणण्यासारखेच ते आहे.

चौथे काम, यादी आणि कपाट यांची सोयरीक. मुख्याध्यापकांना धास्ती होती की पोरे पुस्तके सोडून टॅबवर बसतील. धास्ती रास्त होती. म्हणून प्रत्येक विषयाच्या पहिल्या ओळीत कपाटातल्या पुस्तकांचे नंबर घातले आणि खाली पत्ते दिले. पक्ष्यांचे पुस्तक उघडले की आतल्या कव्हरवर एक चौकोनी क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. टॅब त्याच्यासमोर धरला की ठरलेले पान उघडते. लांबलचक पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकले तर पोर भलत्याच ठिकाणी जाऊन पडते, ते यामुळे टळले. गोष्टी, प्रयोग आणि पाठ्यपुस्तके पेन ड्राइव्हवर उतरवून टीव्हीला जोडली. नेट गेले तरी तास बुडत नाही.

सगळी यादी एका कागदात बसवली आणि तो कागद कपाटाच्या दारावर आतून-बाहेरून लावला.

पाचवे काम, तास. यादी लावली म्हणजे काम झाले असे नाही. बियाणे दिले आणि पेरायचे शिकवले नाही, तर ते कोठीत किडते. बाईंनी चार तासांचा क्रम बांधला.

पहिल्या तासाला चिठ्ठी वाचणे. मी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या नेल्या. औषधांच्या बाटल्या आणि पुडे नेले नाहीत, कारण रिकामे असले तरी ते मुलांच्या हाती देऊ नयेत. त्यांच्या लेबलांची चित्रे टीव्हीवर दाखवली. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबतच्या पत्रकात कोणत्या पिकासाठी, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस हे छापलेले असते. अक्षर बारीक असते, चाळिशी लागलेल्या बापाला दिसत नाही. म्हणून ते वाचण्याचे काम मुलांचे, आणि हाताळण्याचे काम मोठ्यांचे.

दुसऱ्या तासाला शोधायचे कसे. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एक, "तणनाशक". दुसरी, "सोयाबीन उगवणीनंतर तणनाशक कृषी विद्यापीठ शिफारस". दोन्ही शोधून दाखवले. पहिलीत जाहिराती आल्या, दुसरीत कामाचे आले. जितका प्रश्न नेमका, तितके उत्तर नेमके. दुकानात जाऊन नुसते "औषध द्या" म्हटल्यासारखे करू नये.

तिसऱ्या तासाला साक्षीदार. एकच प्रश्न तीन ठिकाणी: कपाटातले पुस्तक, यादीतला पत्ता आणि घरातले वडीलधारे माणूस. प्रश्न होता, वीज चमकताना झाडाखाली थांबावे का? आमच्या भागात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे जातात, म्हणून हाच निवडला. एका मुलाच्या आजोबांनी सांगितले होते, "लिंबाखाली थांबावं, तिथं वीज पडत नाही." पुस्तक आणि संकेतस्थळ म्हणाले, कोणत्याच झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे. त्यावर वर्गात चर्चा झाली. आजोबा खोटे सांगत नव्हते, त्यांना तसेच सांगितले गेले होते. पोराने घरी जाऊन आजोबांना कसे सांगितले ते मला ठाऊक नाही, पण त्या पावसाळ्यात मोठे वारे सुटले की म्हातारबुवा शेळ्या घेऊन लवकर घरी येत, हे मी पाहिले आहे.

चौथ्या तासाला, घेतले कुठून ते लिहिणे. वहीत उत्तराखाली ठिकाण आणि तारीख. बाई म्हणतात, "ज्याचं पाणी घेतलं त्याच्या विहिरीचं नाव सांगायला लाजू नये."

याच तासाला फसवणुकीचेही सांगितले. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणाला सांगू नये. अनुदान मिळेल म्हणून आलेल्या अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता १९३० वर ताबडतोब फोन करावा.

सहावे काम, खुरपणी. यादी एकदा केली आणि विसरलो असे चालत नाही. रंगनाथन यांनी ग्रंथालयाला वाढती, जिवंत वस्तू मानले आहे. जिवंत वस्तूत तण येणारच. दिवाळीनंतर आठवीच्या मुलांनी एकेक पत्ता उघडून पाहिला. दोन उघडेनात, एकावर जाहिराती बोकाळल्या होत्या. ते काढले आणि मुलांनी सुचवलेले दोन चाळणीतून पार करून घातले. प्रत्येक ओळीपुढे तपासल्याची तारीख असते. सहा महिन्यांहून जुनी तारीख दिसली तर कोणत्याही मुलाने बाईंना टोकावे, अशी मुभा आहे. तपासणाऱ्या मुलांत ती मुलगीही होती. दोन महिने ती नुसती वहीत लिहून घेत असे, टॅब दुसरीच्या हातात. खुरपणीच्या दिवशी मात्र टॅब तिच्या हातात होता. कुणी काही बोलले नाही, हे बरे झाले.

आता तुम्हा आईबापांना चार शब्द. आज पुष्कळ घरांत मोबाइलवरचे वाचून दाखवणारे माणूस म्हणजे शाळेतले पोर. "बघ रे काय भाव आहे," "बघ गं पाऊस कधी आहे," असे आपण सहज म्हणतो. म्हणजे घरातला एक मोठा निर्णय आपण तेरा वर्षांच्या हातात देतो, आणि तो चुकला की त्याचे ओझेही त्याच कोवळ्या खांद्यावर पडते. म्हणून पोराने सांगितलेले ऐकावे, पण त्याला विचारावे, "कुणी सांगितलंय? कधीचं आहे? आपल्या पिकाचं आहे का?" रागाने नव्हे, सोबत बसून. व्हिडिओ अर्धा राहिला तर काम एक दिवस पुढे ढकलावे. आणि औषधाच्या बाबतीत मोबाइल हा पहिला शब्द असू द्या, शेवटचा नको. शेवटचा शब्द लेबलावरचा आणि जाणत्या माणसाचा.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत तुमच्यातले पालक असतातच. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या शाळेत वाचनाचा तास होतो का? कपाटाची किल्ली कुणाकडे असते? मुलांना कुठे शोधायचे याची यादी आहे का? नसेल तर एक रविवार द्या. गावातली नर्स बाई आरोग्याचे पत्ते सांगतील, ग्रामसेवक योजनांचे सांगतील, आमच्यासारखे शेतीचे सांगतील. यासाठी फार पैसे लागत नाहीत, चाळणी लागते आणि नको ते टाकून द्यायचे धैर्य लागते.

यंदा जूनमध्ये त्याच शेतकऱ्याचा फोन आला. मनात धस्स झाले. तो म्हणाला, "साहेब, दुकानदारानं बीजप्रक्रियेचं एक औषध सांगितलंय. पोरगी म्हणती, पत्रकात सोयाबीनचं नाव आहे, विद्यापीठाच्या कागदातबी आहे. पण तारीख मागच्या साली तपासलेली आहे, म्हणून साहेबाला विचार म्हणली."

मी पाहिले. बरोबर होते. तसे सांगितले.

"मग पेरतो," म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता त्याने मागे कुणाला तरी हाक मारली, "बरोबर हाय गं!"

तुमच्या गावच्या शाळेत असे काही होत असेल तर दोन ओळींचे पत्र टाका. पुढच्या अंकी रब्बीसाठी बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी गोणपाटात कशी तपासावी, ते पाहू.

रामराम.